लहान बेटांचे मोठे प्रश्न

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसांनी पाठविला, तेव्हा शिक्षणाच्या महत्त्वावर चार पाने लिहून मोकळे व्हावे असा माझा पहिला विचार होता. परंतु शिक्षणाचे महत्त्व अनगोळकरांना माझ्याकडून ऐकण्याची गरज नाही. शिवाय वर्गातील एका मुलाने विचारलेला प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळत होता. त्याचे उत्तर मी त्या वेळी चुकीचे दिले होते. ती चूक दुरुस्त करण्यास याहून चांगली संधी कोणती?

इयत्ता नववीच्या भूगोलाचा तास चालू होता. हिंदी महासागरातील बेटांचा विषय निघाला. बोलण्याच्या ओघात मी म्हणालो, "लहान देशांना संशोधन परवडत नाही. मोठे देश शोध लावतात, लहान देश ते विकत घेतात." त्यावर मागच्या बाकावरील एक मुलगा उठला. त्याचे वडील उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतात. तो म्हणाला, "सर, बाबा सांगतात, बाहेरून आणलेलं यंत्र इथं जसंच्या तसं कधीच चालत नाही. त्यात काहीतरी बदल करावाच लागतो. मग बेटावर ते कसं चालेल? आणि तो बदल कोण करणार?"

मी "बस खाली" म्हणालो आणि पुढचा धडा घेतला. उत्तर मजजवळ नव्हते. पुढे सुट्टीत जे वाचले, त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवीत आहे.

बेट म्हणजे नेमकी अडचण कोणती?

चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या आपण शाळेत पाठ करतो. परंतु बेटावर संसार करणाऱ्याच्या दृष्टीने व्याख्या वेगळी आहे. ज्याला हाकेच्या अंतरावर शेजारी नाही, ते बेट. जगात अशी सुमारे चाळीस लहान बेट-राष्ट्रे आहेत. त्यांच्या प्रश्नांचा एकत्र विचार व्हावा म्हणून १९९४ साली बार्बाडोस येथे, २००५ साली मॉरिशस येथे, २०१४ साली सामोआ येथे आणि २०२४ साली अँटिग्वा व बार्बुडा येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिषदा भरल्या.

शेजारी नसणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. मालदीवची राजधानी माले हे शहर समुद्राचे पाणी गोडे करून पिते. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रास आग लागली आणि एका दिवसात सारे शहर तहानलेले झाले. आपल्या देशाने विमानांतून पाणी पाठविले आणि आरमाराची जहाजे धाडली. एक यंत्र बंद पडले की राजधानी तहानेने व्याकुळ होते, ही बेटाची अडचण होय.

आपण म्हणू, आमचा याच्याशी काय संबंध? ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवून पाहावा. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, तिकडे कोल्हापूरजवळही रस्ता पाण्याखाली गेला आणि पुणे-बेंगळूर वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. भाजी, दूध, पेट्रोल यांची वाट पाहत आपण बसलो होतो. त्या दिवसांत आपणही बेटावरच राहत होतो. फरक एवढाच की आपला पूर ओसरला. बेटाभोवतीचे पाणी कधीच ओसरत नाही.

ज्या बेटावर मराठी बोलली जाते

या साऱ्या बेट-राष्ट्रांपैकी एक आपल्याला विशेष जवळचे आहे, ते म्हणजे मॉरिशस. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,४०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात साडेसहा मॉरिशस बसतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४८ लाख होती.

ब्रिटिश अमलाखाली गुलामगिरी संपुष्टात आली आणि उसाच्या मळ्यांवर काम करण्यास माणसे उरली नाहीत. तेव्हा हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास प्रारंभ झाला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी पहिली तुकडी पोर्ट लुईच्या धक्क्याला लागली. पुढील सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे तेथे उतरली. त्यांत भोजपुरी, तमिळ, तेलुगू भाषक होते, हिंदू होते, मुसलमान होते. आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकणचे व देशावरचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तेथे मराठी म्हणून ओळखले जातात, शाळेत मराठी विषय शिकतात, आणि गणेशचतुर्थीस तेथे सरकारी सुट्टी असते. १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला.

पदरी काय होते? ऊस. कोळसा नाही, तेल नाही, लोखंड नाही. मग या देशाने दिवे कशावर लावले? उत्तर आपल्या ओळखीचे आहे.

चिपाडाची वीज

लहानपणी मी गुऱ्हाळावर जात असे. चरकातून निघालेले चिपाड उन्हात पसरून वाळवायचे आणि तेच चुलवाणात घालायचे, म्हणजे रस आटवायला बाहेरचे सरपण लागत नसे. साखर कारखान्याचेही तत्त्व तेच. उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के चिपाड निघते, ते भट्टीत जाळून वाफ करतात आणि त्या वाफेवर कारखाना चालतो.

परंतु येथे एक गंमत आहे. कारखान्याची गरज भागूनही चिपाड उरे. उरलेल्या चिपाडाचे डोंगर साचत आणि त्यांना आग लागण्याची भीती असे. म्हणून जुन्या काळी भट्ट्या मुद्दामच उधळ्या ठेवीत. चिपाड जितके जास्त जळेल तितके बरे! सरपण वाचवून करायचे काय? त्याला गिऱ्हाईकच नव्हते.

मॉरिशसमध्ये १९५७ साली सेंट आंत्वान या कारखान्याने उरलेली थोडी वीज सरकारी वीज मंडळाला विकली. हा आरंभ होता. पुढे तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा परदेशी तेल जाळून वीज करणे बेटाला जड जाऊ लागले आणि चिपाडाकडे लोकांचे लक्ष वळले. १९८८ साली साखरधंद्याच्या कार्यक्षमतेचा कायदा झाला, १९९१ साली चिपाडापासून वीज निर्माण करण्याचा स्वतंत्र कार्यक्रम आखला गेला आणि २००० साली बेल व्ह्यू येथे ७० मेगावॅटचे केंद्र सुरू झाले.

यातील अभियांत्रिकी सामान्य माणसाला कळण्यासारखी आहे. भात शिजविण्याच्या कुकरची शिट्टी दाबून धरली तर आतील वाफेचा जोर वाढतो, हे घरोघरी माहीत आहे. जुन्या कारखान्यांत वाफेचा दाब साधारण २० बार असे, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे वीसपट. बेल व्ह्यूच्या बॉयलरमध्ये तो ८२ बार ठेवला. जितका दाब व उष्णता अधिक, तितके त्याच चिपाडातून अधिक काम होते. जुन्या पद्धतीत एक टन उसामागे विकण्याजोगी वीज जेमतेम काही युनिटे उरत असे. नव्या पद्धतीत ती शंभर युनिटांच्याही पुढे गेली. ऊस तोच, चिपाड तेच, जमीनही तीच.

मग संशोधन कोठे आले? बॉयलर तर परदेशात बनला. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथेच आहे. बॉयलर विकत मिळतो, परंतु ओले चिपाड अखंड जळावे कसे, साखर करताना वाफ वाचवावी कशी, गळीत हंगाम संपल्यावर तीच भट्टी दुसऱ्या इंधनावर चालवावी कशी, विजेचा दर किती असावा, आणि अधिक धाग्याचा ऊस कोणता लावावा, हे बाजारात विकत मिळत नाही. ते त्या मातीत बसूनच शोधावे लागते. १९५३ साली तेथे ऊस-संशोधन संस्था स्थापन झाली होती, १९६५ साली विद्यापीठ निघाले. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच या दोन संस्था उभ्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बेटावरच्याच लोकांनी बाहेरचे यंत्र घरचे करून घेतले.

पैसा कोणाच्या पदरी?

येथे आपल्या भागातील ऊसउत्पादक विचारील, "गुरुजी, वीज झाली खरी, पण चिपाडाचे पैसे कोणाला?" प्रश्न रास्त आहे. ऊस शेतकऱ्याचा, मग चिपाडही त्याचेच. मॉरिशसमध्ये १९९४ साली एक गुंतवणूक न्यास स्थापून लहान ऊसउत्पादकांना व कामगारांना साखरधंद्यात भागीदार करून घेण्यात आले. तरीही चिपाडाचा मोबदला अपुरा मिळतो, ही लहान शेतकऱ्यांची तक्रार कित्येक वर्षे चालू राहिली.

आपल्याकडेही २०१२ साली रंगराजन समितीने शिफारस केली होती, की साखर व उपपदार्थ मिळून येणाऱ्या उत्पन्नातील ७० टक्के, किंवा निव्वळ साखरेच्या उत्पन्नातील ७५ टक्के, हिस्सा ऊसउत्पादकाला मिळावा. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, गणेशपूर रस्त्यावर निजलिंगप्पा साखर संस्था आहे, कारखाने विजेचीही विक्री करतात. म्हणून हा प्रश्न परका नाही. यंत्राचा शोध लागणे हे अर्धेच काम. त्या शोधाचे फळ रास्त रीतीने वाटले जाणे हे उरलेले अर्धे. दुसरे अर्धे जमले नाही तर शेतकरी ऊस सोडतो, आणि मग यंत्रही उपाशी राहते.

मॉरिशसमध्ये तसेच काहीसे घडले. युरोप ठरलेल्या चढ्या भावाने साखर घेत असे, ती सोय गेली. २००६ ते २००९ या काळात भाव ३६ टक्क्यांनी उतरला आणि २०१७ साली युरोपातील कोट्यांची पद्धतही संपली. एके काळी वर्षाला सहा लाख टनांच्या आसपास निघणारी साखर आज निम्म्याहूनही कमी झाली आहे. ऊस घटला की चिपाड घटते, आणि हंगाम नसताना त्याच भट्टीत आयात केलेला कोळसा जाळावा लागतो. कोळसा सोडून ६० टक्के वीज नैसर्गिक साधनांतून करण्याचे ध्येय तेथील सरकारने २०२१ साली जाहीर केले. ध्येय जाहीर करणे सोपे. ते गाठताना बेटाच्या आणखी एका अडचणीशी गाठ पडते.

एकट्या तारेचे दुःख

आपल्या घरातील वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, म्हणजे ५० आवर्तने पूर्ण करते. मागणी वाढली आणि पुरवठा तोकडा पडला की हा ठेका मंदावतो. फार मंदावला तर सारे जाळे बंद पडते. मोठ्या देशात एका ठिकाणी ढग आले तर दुसरीकडची वीज धावून येते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी एका ठेक्यात चालू लागले. त्यापूर्वी कोल्हापूरचा दिवा एका ठेक्यावर व बेळगावचा दुसऱ्या ठेक्यावर, असा प्रकार होता. विजेच्या हिशेबाने आपणही एका मोठ्या बेटावरच होतो!

मुंबईजवळचे घारापुरी हे बेट तर जागतिक वारसा म्हणून प्रसिद्ध. पण तेथील गावांना समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून अखंड वीज मिळाली ती २०१८ साली. मॉरिशसला अशी केबल टाकायला शेजारी नाही. सूर्यावर ढग आला की काही क्षणांत तूट भरून काढावी लागते. म्हणून तेथे मोठ्या बॅटऱ्या बसविल्या जात आहेत. ढग किती वेगाने सरकतो, किती वेळ सावली पडते, हे त्या बेटावरच मोजावे लागते. दुसऱ्या देशाच्या आकाशाची मोजणी तेथे उपयोगी पडत नाही.

वादळ, वाळू आणि पाणी

फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल नावाचे चक्रीवादळ मॉरिशसवर आले. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले. गवताची व पत्र्याची घरे भुईसपाट झाली. त्यानंतर लोक सपाट छताची काँक्रीटची घरे बांधू लागले. वादळापुढे ती टिकली. परंतु काँक्रीटला वाळू लागते. ती बेटाभोवतालच्या उथळ समुद्रातून उपसली जाऊ लागली. तेथे किनाऱ्याबाहेर पोवळ्यांची भिंत आहे. तीच लाटांचा जोर मोडते. वाळू उपसली की पोवळे व किनारा दोन्ही धोक्यात येतात. घर वादळापासून वाचवावे तर किनारा जातो, अशी ही कोंडी. अखेर २००१ साली समुद्रातील वाळूउपशावर बंदी आली आणि काळा खडक दळून वाळू करण्याची रीत रूढ झाली. आपल्याकडे नदीच्या वाळूऐवजी जी एम-सँड आली, तिचाच हा सख्खा भाऊ.

पाण्याचेही असेच. मॉरिशसच्या मधल्या पठारावर भरपूर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात नळाला टंचाई असते. कारण उतार तीव्र, समुद्र जवळ, आणि जुन्या नळांतून निम्म्याहून अधिक पाणी गळती वा अन्य कारणाने हिशेबाबाहेर जाते. नवे धरण बांधण्याआधी जुना नळ बदलणे स्वस्त पडते, हे आकडे मोजल्यावाचून पटत नाही. २००८ साली बेळगाव, हुबळी-धारवाड व गुलबर्गा येथील काही प्रभागांत जुने नळ काढून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला, त्यामागील विचार हाच होता.

जेथे नदीच नाही, तेथे काय करावे? याचे उत्तर आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी दिले आहे. पंपाने हवा काढून दाब कमी केला तर पाणी थोड्या उष्णतेवरही वाफ होऊन उडते. लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे समुद्राच्या वरच्या थरातील सुमारे २८ अंशांचे कोमट पाणी अशा निर्वात भांड्यात सोडतात. त्याची वाफ होते. सुमारे ३५० मीटर खोलीवरून ओढलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करतात, आणि गोडे पाणी हाती येते. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली दिवसाला एक लाख लिटर पाणी देणारे हे केंद्र उभारले. बेटाला ज्या समुद्राने कोंडले, त्याच्याच दोन थरांतील फरकातून पिण्याचे पाणी निघाले!

पाचटाचे बांध

आणखी एकच प्रसंग सांगतो. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे जहाज मॉरिशसच्या पोवळ्यांच्या भिंतीवर चढले. काही दिवसांनी ते फुटून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेल अडविणारे तरंगते बांध पुरेसे नव्हते. तेव्हा गावोगावची माणसे, बायका, मुले किनाऱ्यावर धावली. त्यांनी उसाचे पाचट कापडात व जाळीत भरून लांबच लांब बांध शिवले आणि समुद्रात सोडले. त्या बांधांनी सारे तेल अडले असे नाही. पण परदेशी मदतीची वाट पाहत कोणी हात बांधून बसले नाही. आपण जे पाचट शेतात पेटवून देतो, ते तेथे संकटात कामी आले.

अनगोळसाठी बोध

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. "तो बदल कोण करणार?" जो तेथे राहतो, त्यानेच तो करायचा. लहान गावाला, लहान देशाला संशोधन परवडत नाही, हे मी शिकविले ते चूक होते. मोठा देश एक चूक पचवू शकतो. लहानाला चूकच परवडत नाही, म्हणून मोजून, पारखून पाऊल टाकण्याची गरज त्यालाच अधिक.

आपल्या अनगोळच्या शिवारात काय कमी प्रश्न आहेत? बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात भाताच्या पिकात शिरते आणि शेतकऱ्याचे डोळे पाणावतात. विहिरी आहेत, पण त्यांची पातळी दरसाल किती खाली जाते, याची वही कोणाच्या घरी आहे? शेजारीच उद्यमबाग आहे. ओतकामापासून हायड्रॉलिकच्या सुट्या भागांपर्यंत वाटेल ते घडविणारे कुशल हात तेथे आहेत. मोजणारी मुले आणि घडविणारे हात यांची गाठ मात्र कोणी घालून दिलेली नाही.

आपल्या ट्रस्टने गेल्या पन्नास वर्षांत मुलांना वह्या-पुस्तके दिली, फी भरली, त्यातून कित्येक संसार उभे राहिले. त्याबद्दल एक शिक्षक या नात्याने मी कृतज्ञ आहे. माझी नम्र सूचना एवढीच की येत्या वर्षापासून शिष्यवृत्तीचा एक लहानसा भाग गुणांवर न देता कामावर द्यावा. चार मुलांनी एक पावसाळाभर पर्जन्यमापक ठेवावा, नाल्याची पातळी रोज खांबावर खूण करून लिहावी, दहा विहिरींची नोंद करावी, आणि वर्षाअखेर ती वही ट्रस्टच्या कार्यालयात ठेवावी. खर्च फार नाही. पण पाच वर्षांनी नाल्याच्या कामासाठी अधिकाऱ्यांकडे जाताना आपल्या हाती केवळ तक्रारअर्ज नसेल, आकडे असतील. अर्ज बाजूला सारता येतो. पाच पावसाळ्यांचे आकडे बाजूला सारणे कठीण जाते.

तो मुलगा आता दहावीत आहे. मागील आठवड्यात मी त्याला बोलावून सांगितले, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले होते." तो संकोचून म्हणाला, "जाऊ द्या, सर." परंतु जाऊ देणे बरे नव्हे. वर्गात दिलेले चुकीचे उत्तर तीस-चाळीस घरांत जाऊन बसते. ते दुरुस्त व्हावे, आणि हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत या विषयावर लिहिणारा लेखक अनगोळच्या वहीतील आकडे घेऊन लिहिणारा असावा, हीच परमेश्वराजवळ प्रार्थना.